एकावर ठेवलेलं चक्र

दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी कामावर सुखरूप पोचलो. इथे एका मोठ्या इमारतीच्या तळघरात सिनेमा बघायच्या दोन खोल्या तयार करताहेत. त्यांची यंत्रं बसवायची आहेत, महिना जाईल. पोचल्यावर फोन करू नकोस, पत्र टाक, असं तू बजावलं होतंस. फोनवर मी नुसता हं हं करतो आणि ठेवून देतो, ही तुझी तक्रार खरी आहे, म्हणून लिहायला बसलो. खालच्या वहिनी वाचून दाखवतीलच. त्यांना आणि मास्तरांना माझा नमस्कार सांग.

त्या दिवशी मी तुझ्याकडे काय बसवलं ते तू नीट ऐकूनच घेतलं नाहीस. मी कपाटात डोकं घालून बोलत होतो आणि तुझं लक्ष मी किती जेवलो इकडे. म्हणून आता सांगतो.

जुन्या रिमोटमधून प्रकाश निघतो. आपल्याला न दिसणारा, पण प्रकाशच. तो सरळ रेषेत जातो. रिमोट नेमका गाण्याच्या यंत्राच्या कपाळाशी धरला तर काम होतं. मध्ये कपाटाचं दार आलं, खुर्चीची पाठ आली, की खुंटलं. आपल्या शाळेतल्या गुरुजींची नजर अशीच होती, आठवतं? भिंतीआड दडलं की वाचलो. पण गुरुजींची हाक! ती भिंतीआड यायची, झाडावर यायची, पार विहिरीपर्यंत यायची. नवा रिमोट अशी हाक मारतो. रेडिओची लहर. तिला समोरासमोर असावं लागत नाही, नेम धरावा लागत नाही. तुला समोरची चौकट दिसते पण चौकटीत उभं माणूस दिसत नाही, तेव्हा नेम धरायचा कुठे? म्हणून हा खटाटोप.

कपाटाच्या मागच्या फळीला मी साबणाच्या वडीएवढी डबी चिकटवली आहे, तिला बोटभर अँटेना आहे. ही डबी म्हणजे रिसीव्हर, ती हाक ऐकते. तिच्यातून बारीक वायरी निघतात आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला मुंगीएवढा दिवा. यंत्राच्या काळ्या काचेमागे कुठेतरी त्याचा डोळा लपलेला असतो. टॉर्च तिरपा धरून तो शोधायचा आणि बरोबर त्यावर हा दिवा चिकटवायचा. तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून बटण दाबलंस की हाक डबीपर्यंत जाते आणि मुंगीचा दिवा यंत्राच्या डोळ्यात निरोप सांगतो. कपाटाची दारं बंद असली तरी.

हा दिवा लागतो का ते बघायला आम्ही मोबाइलचा कॅमेरा धरतो. नुसत्या डोळ्याने पाहिलं तर काही नाही. कॅमेऱ्यात तोच दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. इतकी वर्षं हेच काम करतो आहे, पण त्या क्षणी माझा हात अजून थांबतो. आपल्या समोर केवढं काय चाललेलं असतं आणि धडधाकट डोळे असून मला दिसत नाही. तू डोळ्यांवरून कुरकुरतेस तेव्हा मी गप्प बसतो तो यामुळे.

रिमोटवरच्या बटणांवर मी गोंदाचे थेंब वाळवले आहेत. चालू-बंदवर एक मोठा, आवाज वाढवायच्या बटणावर दोन बारीक, कमी करायच्या बटणाला काहीच नाही. डबीवर आणि रिमोटच्या आत, बॅटरीशेजारी, एकेक छोटं चक्र असतं. दोन्हींवर सारखा आकडा असला की डबी आपल्या रिमोटची हाक ओळखते. कारखान्यातून ते शून्यावर येतं. शून्यावर काम सोडून उठणं मला जमत नाही, आक्का. मी सगळीकडे ते एकावर ठेवतो. वरचा एकच, त्याच्या नावाने एक. तुझ्याकडे तेच केलं. आणि तुझं बघून वहिनींनी हट्ट धरला, तेव्हा खाली मास्तरांकडेही तेच केलं. भाऊजींच्या सल्ल्याने मास्तरांनी गाण्याचं यंत्रही तुझ्याच कंपनीचं घेतलं होतं, त्यामुळे काम लवकर झालं.

आता मनातलं. भाऊजींना जाऊन वर्ष झालं आणि त्यांचं ते कपाट तेव्हापासून बंद होतं. तुझ्या लेकीने मला स्पष्ट सांगितलं आहे की महिनाअखेर ती येणार, आणि आई एकटी घर सांभाळू शकते अशी तिची खात्री पटली नाही, तर घराला कुलूप लावून तुला घेऊन जाणार. ती वाईट नाही, घाबरलेली आहे. तुला त्या घरातून हलायचं नाही हे मला माहीत आहे. तेव्हा तिला घाबरायला कारण देऊ नकोस. पायपुसणी उचलून ठेव. आणि रोज गाणी लाव, घर जागं राहू दे.

थोरलीची माया आजवर दिलीस तशीच पुढेही मिळो, एवढंच मागणं.

तुझा धाकटा,
भाऊ


दि. ११ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वहिनींनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला समजावं म्हणून, दुसऱ्यांदा त्यांना समजावं म्हणून. (हे खरं नाही. मला पहिल्यांदाच समजलं होतं. पण तुमच्या आक्का सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं असं ठरलं आहे, म्हणून लिहिते. वहिनी.)

पायपुसणी उचलली. दुधाचं भांडं आता आवाजावरून ओळखते, उतू जाण्याआधी ते कुजबुजायला लागतं. परवा जिन्यात चुकून मास्तरांना दूधवाला समजले आणि उद्या अर्धा लिटर जास्त टाका म्हणाले, तर ते बिचारे कमी ऐकू येत असल्याने बरं म्हणून निघून गेले. मला दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही, दोघांत मिळून एक माणूस धड आहे असं वहिनी म्हणतात. (म्हणते. आणि ते एक माणूस सांभाळायला मी आहे.)

यंत्राबद्दल तू सांगितलंस, आता मी सांगते. सकाळी जाग आली की पलंगावरूनच मोठा थेंब चाचपते. पलीकडच्या खोलीत बंद कपाटात टक् असा आवाज होतो, मग क्षणभर काही नाही, आणि मग गाणं. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. देवाला हात जोडतो तेव्हाही आपण समोर बघून जोडतो. इथे पाठ करून मागितलं तरी मिळतं.

आता पुढचं लिहायला वहिनी घाबरताहेत, पण मी लिहाच म्हटलं आहे. भाऊ, हे घरात येतात.

हसू नकोस. तुला माहीत आहे, दिवेलागणीला हे कामावरून आले की आधी कपाटाशी जायचे, चपला काढायच्याही आधी. गाणं लावायचं, आवाज जरा चढवायचा. मी खुर्चीत बसून ऐकता ऐकता पेंगायला लागले की हे आवाज कमी करायचे. एकदम नाही. एक एक टिचकी, मला जाग येऊ नये अशा बेताने. मग मी झोपेतही समजायचे की आता हे उठून दिवा बारीक करतील.

गेला आठवडाभर दिवेलागणीला मी हातही लावला नसताना कपाटात टक् होतं आणि गाणं लागतं. आवाज चढतो. आणि माझी मान खाली गेली की उतरायला लागतो, एक एक टिचकी. रिमोट तेव्हा स्वयंपाकघरात असतो, मी जाऊन चाचपून आले. वहिनींना सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात गार पडला होता. (खरंच पडला होता. हे लिहितानासुद्धा केस उभे राहिले आहेत. तुम्ही काय बसवलंत हो? आमचं यंत्रही धड नाही. सकाळी उजाडायच्या आत आपोआप सुरू होतं, मास्तर म्हणतात मी नाही लावलं. संध्याकाळी मात्र लावतात तेच, आणि कान मंद म्हणून असा आवाज चढवतात की भांडी हलतात. मग मी त्यांची मान पडायची वाट बघते आणि चोरून एकेक टिचकीने कमी करते, नाहीतर जागे होऊन भांडतात.)

मी घाबरलेले नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला संध्याकाळ यावीशी वाटते. काल फोनवर लेकीलाही सांगितलं. तिने औषधं वेळेवर घेतेस ना असं तीनदा विचारलं.

जेवत जा. उंच शिडीवर चढताना खालच्या माणसाला धरायला सांग. पत्राने भेटत राहा.

तुझी आक्का
(लिहिणार: खालच्या वहिनी. काही कमीजास्त झालं असेल तर माझं समजा.)


दि. १३ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येईल आणि ऑफिसात सगळे बघतील, म्हणून लिहिते.

आई म्हणते की बाबा संध्याकाळी येऊन गाणी लावतात. ती गमतीत म्हणत असती तर मीही हसले असते. पण ती इतकी आनंदात होती, मामा, तिचा असा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, आणि त्यानेच मला धडकी भरली. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले नजर गेलेल्या माणसांना कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसतात, एकटेपणाने मनही वाहवतं. काही नसेलही, पण एकटं ठेवू नका.

मी सव्वीस तारखेला येते आहे. रिकामी मोठी बॅग घेऊन येते आहे. तू तिचा लाडका आहेस, तू सांगितलंस तर ती ऐकेल. माझ्याकडे दोनच खोल्या आहेत, पण तिची खाट खिडकीशी लागेल. वाटल्यास कपाटही आणू. ते यंत्र बसवल्यापासून हे सुरू झालं, म्हणून तुझ्यावर थोडा रागही आला होता. तो गेला. पण या वेळी तू तिची बाजू घेऊ नकोस, एवढं ऐक.

आम्हा मायलेकींवर आहे तसंच लक्ष ठेवून राहा.

तुझी भाची


दि. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वहिनींना एक विनंती. वहिनी, हे पत्र बसून वाचा. मध्ये थांबू नका, काही गाळू नका, आणि शेवटपर्यंत स्वतःला दोष देऊ नका. चूक कोणाची असेल तर माझी आहे.

आक्का, तुझं पत्र आलं तेव्हा मी दिवसभराचं काम आटपून आलो होतो. वाचलं, उठलो, हातपाय धुतले आणि मग पुन्हा वाचलं. मला ते खोटं वाटलं नाही. जो लहरीला भिंतीतून नेतो त्याला काय अशक्य आहे, असं मनात आलं. दोन दिवस मी इथे काम करत होतो ते देवळात वावरावं तसं. स्क्रू खाली पडला तरी हळू उचलायचो.

परवा दुपारी इथल्या पहिल्या खोलीत डबी बसवली, दुसऱ्या खोलीत बसवली. पहिल्या खोलीत शिडीवर उभं राहून बटण दाबलं. समोरचं यंत्र लागलं, आणि भिंतीपलीकडून दुसऱ्या खोलीतल्या माणसाने ओरडून विचारलं की इथलं कोणी लावलं. मी आवाज वाढवला, पलीकडे वाढला. कमी केला, पलीकडे उतरला, एक एक टिचकी.

मी शिडीच्या पायरीवर तसाच बसलो. दोन्ही डब्यांवर मी चक्र एकावर ठेवलं होतं, माझ्या सवयीने. दोन्हींचा आकडा एक, म्हणून एकाची हाक दोघांनी ऐकली. आजवर माझी कामं गावात इकडे एक, तिकडे एक अशी लांब लांब असायची. लहर तेवढी पोचत नाही, म्हणून कधी कळलं नाही. एकाखाली एक अशी दोन घरं मी पहिल्यांदा केली, ती तुझं आणि मास्तरांचं.

आता तू समजली असशील. दिवेलागणीला मास्तर खाली यंत्र लावतात आणि तुझं कपाट टक् करतं. मास्तरांना ऐकू येत नाही म्हणून ते आवाज चढवतात, तुझा चढतो. आणि मास्तरांची मान पडली की वहिनी चोरून एकेक टिचकी उतरवतात. वहिनी, तुमचं यंत्र उजाडायच्या आत लावते ती आक्का. मास्तरांना त्याबद्दल ऐकावं लागलं असेल, तर ते परत घ्या.

हे लिहायला मला दोन रात्री लागल्या. आक्का, मी तुझ्याकडून भाऊजींना दुसऱ्यांदा नेतो आहे असं वाटतं. लिहूच नये असंही वाटलं. एकदा येऊन गुपचूप चक्र फिरवलं असतं, तर तुला वाटलं असतं की ते यायचे थांबले. ते मला करवेना. आणि तुझी लेक रिकामी बॅग घेऊन निघते आहे. तिला वाटतं तुझं मन भलतीकडे चाललं आहे. तिला मी आजच वेगळं लिहिलं आहे की आईने जे ऐकलं ते खरोखर घडत होतं, कानात आणि डोक्यात काहीही बिघाड नाही, बिघाड मामाच्या भक्तीत आहे.

पण मला विचारशील, तर नवल काही ओसरलेलं नाही. एक बाई खाली अंधारात नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून अंगठा हळू हळू दाबते, आणि ती हळुवार चाल दगड-विटा-लोखंडातून वर चढते आणि तुझ्या खुर्चीशी येऊन तशीच, तितक्याच हळूपणे उतरते. हे मी बसवलं, आणि मला माहीत नव्हतं मी काय बसवतो आहे.

चक्र बदलायला मला यायला हवं, पण मालक महिना संपेपर्यंत सोडत नाही. काम सोपं आहे. डबी कपाटाच्या मागच्या फळीला, डाव्या हाताला आहे. तिच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढं चक्र आहे, त्यात नखाची खाच. उजवीकडे एक टिचकी फिरवलं की दोन. रिमोटच्या झाकणाआड तसंच चक्र, तेही एक टिचकी. लेक आली की एका मिनिटात करेल. नाही बदललंस तरी यंत्र मोडणार नाही. मात्र ते तुझं एकटीचं राहणार नाही. तू ठरव. तू ठरवशील ते मला मान्य.

रागावलीस तरी परकं करू नकोस, इतकंच.

भाऊ


दि. २१ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद. वि. वि.

वहिनींनी तू सांगितल्याप्रमाणे बसून वाचलं, पण शेवटापर्यंत पोचताना त्यांच्यासाठी मलाच पाणी आणावं लागलं. त्या सारखं म्हणत होत्या की मी तुमच्या घरात चोरासारखी शिरले. मी म्हटलं, शिरलात तर पाहुण्यासारख्या शिरलात. (हे त्यांनी म्हटलं. माझी लिहायची हिंमत नव्हती, त्यांनी लिहायला लावलं.)

त्या संध्याकाळी मी रिमोट उशीखाली ठेवला आणि कपाटाची तार भिंतीतून काढून टाकली. दुसऱ्या दिवशीही. तुझा राग आला नाही. यांचा आला. एवढं वर्ष न येता, आता आले तर ते पण मास्तरांच्या बटणावर!

तिसऱ्या दिवशी तार परत लावली. वहिनींना विचारलं, तुम्ही नेमकं कधी कमी करता? त्या म्हणाल्या, मास्तरांचा श्वास जड झाला की. मग मला हसू आलं. यांनाही माझा श्वास ऐकूनच कळायचं. खाली मास्तर आणि वर मी, एकाच वेळी पेंगतो म्हणजे.

चक्र बदलायचं. माझ्या घरात काय चालू आणि काय बंद ते मलाच ठाऊक नसेल, तर लेक म्हणते ते खरं, मी एकटी राहू नये. पण ते तिने करायचं नाही आणि तूही यायचं नाही. ती आली की तिच्यासमोर मी करीन. तोवर आहे तसं राहू दे. वहिनी म्हणतात आता बटण दाबायला अंगठा उचलत नाही. मी म्हटलं, चार दिवस उचला. (उचलते. पण डोळे मिटून उचलते.)

जेवत जा. आणि देवाचं नाव घेताना आकडा घेत जाऊ नकोस, त्याला तो लागत नाही.

तुझी आक्का


दि. २ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

काल रात्री घरी पोचले. एकटी आले, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

तुझं पत्र मिळाल्यावर माझी निम्मी भीती गेली होती, पण निम्मी उरली होती. आईचं डोकं ठिकाणावर आहे हे ठीक. पण नजर नाही, जिना आहे, गॅस आहे. बॅग घेऊनच गेले. आईने दार उघडलं, बॅगेला पाय लागला तिचा. वाकून चाचपली, उचलून बघितली आणि म्हणाली की बरं केलंस रिकामी आणलीस, जाताना भरून देईन. माझ्याकडे काही नसतं असं तिला वाटतंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या काकू वर आल्या. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. आई कपाटासमोर जमिनीवर बसली, दारं उघडली आणि आत हात घातला. मी टॉर्च घेऊन शेजारी वाकले. मामा, आत इतक्या वायरी आणि इतका अंधार की मला डबी दिसली, पण चक्रावरचा आकडा काही दिसेना. चष्मा लावला, काढला, मोबाइलने मोठं करून बघितलं. मी म्हटलं राहू दे आई, उद्या भिंग आणते. तिने माझा हात हळूच बाजूला केला. तिचं नख खाचेत बसलेलं होतं केव्हाच. ती माझी वाट बघत होती, मी बाजूला होण्याची.

तेवढ्यात खाली काकांनी यंत्र लावलं. कपाटात टक् झालं आणि आमच्या घरात गाणं सुरू झालं. मला माहीत होतं कोण लावतं आहे, तुझ्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, तरी मी मागे वळून दाराकडे बघितलं. बाबांच्या चपला असायच्या तिथे. आवाज चढला. आई तशीच बसून राहिली, नख खाचेत ठेवून.

मग तिने काकूंना सांगितलं की खाली जा आणि एकदा कमी करा. नेहमीसारखा करा, घाई करू नका. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. आम्ही दोघी अंधारात बसलो. मी दिवा लावायला उठणार होते, पण उठले नाही.

आवाज उतरायला लागला. एक टिचकी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. मामा, बाबा असं करायचे हे मी विसरले होते. मी परीक्षेला अभ्यास करता करता टेबलावर डोकं टेकायचे तेव्हाही असंच व्हायचं, मला वाटायचं गाणंच दूर जातं आहे. आईने मान वर केली होती, डोळे उघडे, कशाकडेच न बघणारे. आवाज अगदी कुजबुजीएवढा झाला, दूध तापताना होतो तसा. आणखी एकच टिचकी राहिली होती. आई हळूच बस झालं म्हणाली, खालच्या काकूंना नव्हे, आणि नख फिरवलं.

टिचकी मलाही ऐकू आली. मग तिने रिमोटचं झाकण काढलं, अंगठ्याने चक्र शोधलं, फिरवलं, झाकण लावलं. मला एकदाही हात लावू दिला नाही. खाली काकू अजून बटण दाबत असणार, कारण त्या वर आल्यावर आम्ही सांगेपर्यंत त्यांना कळलं नाही. आमच्याकडे आवाज जिथल्या तिथे होता.

मग आम्ही तिघी खूप रडलो आणि मग चहा केला. चहा आईने केला. मी नुसती उभी राहून बघत होते, ती गॅसजवळ कशी वावरते, हात कुठे ठेवते, किती ऐकते. एवढं मी आधी कधी बघितलंच नव्हतं. मी फक्त तिला काय दिसत नाही ते मोजत होते.

चार दिवस राहिले. घेऊन जायचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. निघताना तिने बॅग भरून दिली, इतकी की जिन्यात दोन्ही हात लावावे लागले. मी पहिल्या वळणावर आले आणि वर गाणं लागलं. आवाज वाढला. आणखी वाढला. बाबांनी एवढा कधी ठेवू दिला नसता. ते म्हणायचे, गाणं शेजाऱ्याला ऐकवायचं नसतं. आईला मोठा आवाज आवडतो हे मला अडतीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

खाली मास्तरकाका आपल्या दारात उभे होते, हात चौकटीवर ठेवून, मान वर करून. त्यांचं यंत्र बंद होतं. मी येते म्हणाले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला पायांचा आवाज न करता जायची खूण केली.

वेळ मिळाला की आईला पत्र टाक, आणि आम्हा दोघींना तुझ्या मायेत जागा असू दे.

तुझी भाची